नव्या गाडीवरचा तांदळाएवढा ओरखडा

दसरा उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी मायलेज, टायर आणि विम्याविषयी विचारणारे वाचक या दिवसांत नव्याकोऱ्या गाडीच्या अंगावरच्या खुणांविषयी विचारतात. या वेळची चारही पत्रे नागपूर आणि परिसरातून आली आहेत आणि चारही एकाच काळजीची आहेत, म्हणून हा अंक त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : दसऱ्याला आम्ही घरातली पहिली नवी गाडी घेतली. ती सर्व खर्च धरून १३ लाखांना पडली. रंग गडद निळा, मेटॅलिक आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी चालकाच्या बाजूच्या दारावर, हँडलच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढा ओरखडा दिसला. त्यानंतर मी बारकाईने पाहू लागले, तेव्हा बॉनेटवर रंगात अडकलेला एक कण सापडला, डिकीच्या दाराची डावीकडची फट उजवीपेक्षा किंचित रुंद वाटली आणि दारांच्या खालच्या भागावर रंग गुळगुळीत नसून बारीक खडबडीत दिसला. शोरूमने पूर्ण दार विनामूल्य रंगवून देण्याची तयारी दाखवली आहे. यजमान म्हणतात, सोडून दे. मी मात्र रात्री मोबाइलचा टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जाते आणि पुन्हा पाहून येते. शोरूमचे म्हणणे मान्य करावे का? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : दार रंगवून घेण्यास तूर्त नकार द्यावा. शोरूमने चांगल्या हेतूने सुचवले असेलही, परंतु तांदळाएवढ्या खुणेपायी अख्ख्या दाराचा कारखान्यातला रंग घालवणे हा महागाचा सौदा आहे, मग त्याचे बिल शून्य रुपयांचे का असेना.

कारखान्यात गाडीचा पत्र्याचा सांगाडा आधी टाकीत बुडवून त्यावर विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर येतो, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर किंवा लॅकर म्हणतात. हे सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर ८० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ज्या रंगावर आपला एवढा जीव अडकतो तो जेमतेम दीड-दोन केसांएवढा आहे. वरचे थर कारखान्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्के केले जातात, कारण त्या वेळी सांगाड्यात सीट, वायरिंग, प्लॅस्टिक असे काहीच बसवलेले नसते. तयार गाडी तेवढ्या उष्णतेत घालता येत नाही. त्यामुळे उत्तम बूथ, म्हणजे रंगकामाची बंदिस्त खोली, असलेल्या वर्कशॉपमध्येही दुरुस्तीचा रंग हार्डनर मिसळून ६० अंशांच्या आसपास वाळवला जातो. हा रंग वाईट नसतो, चांगल्या हाताने मारला तर वर्षानुवर्षे टिकतो. पण कारखान्यातल्या रंगाची सर त्याला येत नाही, आणि पुढे गाडी विकताना खरेदीदाराने रंगाची जाडी मोजली तर एक दार वेगळा आकडा दाखवते आणि त्याचे स्पष्टीकरण आपल्याला देत बसावे लागते.

आपल्या गाडीचा रंग मेटॅलिक असल्याने आणखी एक अडचण आहे. त्यात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात आणि ते रंगात आडवे बसले की तिरपे, हे रंग फवारणाऱ्या गनचा दाब, अंतर आणि हाताचा वेग यांवर ठरते. त्यामुळे रंगाचा कोड तोच असूनही छटा हलते, आणि ती लपवण्यासाठी शेजारच्या पॅनेलवरही रंग पसरवत न्यावा लागतो. माझ्या पहिल्या, चंदेरी रंगाच्या गाडीचा डावा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, मी अशाच एका क्षुल्लक खुणेसाठी विक्रेत्याकडून हट्टाने रंगवून घेतला होता. सावलीत तो बेमालूम दिसे, पण दुपारी चारनंतर वर्धा रोडवर ऊन तिरपे झाले की फेंडर वेगळा आणि गाडी वेगळी. शेवटी सक्करदऱ्यातल्या एका जुन्या पेंटरकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवा बसून फेंडरवर तिरपी नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, फेंडर जुळवाले गेलो तर दार बेसूर दिसन, दार जुळवलं तर मागचं दार. अर्धी गाडी रंगवून राहिले का तुम्ही?" मी तो फेंडर तसाच ठेवला आणि नंतरची नऊ वर्षे ती गाडी वापरली. मूळ खूण नेमकी कुठे होती, हे मला आज सांगता येणार नाही. फेंडरची छटा मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आता आपला ओरखडा. तो भाग धुऊन घ्यावा आणि ओल्या पृष्ठभागाकडे पाहावे. पाणी असताना खूण दिसेनाशी होत असेल आणि तिच्यावरून हलकेच नख फिरवल्यावर ते अडकत नसेल, तर ओरखडा केवळ पारदर्शक थरात आहे. जाणकार कारागिराने हाताने थोडे पॉलिश केले की तो जातो किंवा निदान नजरेत भरेनासा होतो. हे काम वारंवार करायचे नसते, कारण पॉलिश म्हणजे त्या थराचे एक-दोन मायक्रॉन घासून काढणे, आणि तो थरच मुळात ४०-५० मायक्रॉनांचा असतो. नख अडकत असेल आणि तळाशी राखाडी किंवा पांढरट रंग दिसत असेल, तर ओरखडा प्रायमरपर्यंत गेला आहे, आणि चकाकता पत्रा दिसत असेल तर तो बुजवणे पुढे ढकलू नये. आजकाल बऱ्याच गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा लेप असतो, त्यामुळे एका रात्रीत गंज चढणार नाही, पण उघडा पत्रा पावसाळ्यावर सोडणे शहाणपणाचे नाही.

बुजवण्यासाठी अख्खे दार रंगवावे लागत नाही. आपल्या गाडीच्या रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एका पट्टीवर लिहिलेला असतो आणि त्या कोडची टच-अपची लहान बाटली सुट्या भागांच्या काउंटरवर मागवता येते. बाटलीतला ब्रश वापरू नये, तो या कामासाठी फार जाड असतो. खूण स्पिरिटने पुसून कोरडी करावी, दात कोरायच्या काडीचे टोक रंगात बुडवावे आणि त्यावरचा थेंब ओरखड्यात नुसता टेकवावा, रंग आपोआप खाचेत पसरतो. एक जाड थेंब सोडण्याऐवजी मध्ये वाळू देत दोन-तीन पातळ थेंब द्यावेत आणि सर्वांत शेवटी क्लिअरचा एक. जवळून पाहिल्यास डाग कळेल, पण दोन हातांवरून कळणार नाही, आणि पत्रा झाकला जाईल. शोरूमकडून काही घ्यायचेच असेल, तर विनामूल्य दार रंगवण्याऐवजी ही बाटली आणि कारागिराचा अर्धा तास मागावा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. हँडलच्या मागे बोटे घालण्याची जी खोबण असते, तिथे बांगड्या, अंगठ्या आणि नखांचे बारीक ओरखडे पहिल्या महिन्यातच पडतात. आपली खूण त्या खोबणीच्या लगत असेल, तर ती आपल्याच घरातल्या कोणाची असण्याचा संभव विक्रेत्याच्या बरोबरीने आहे. ती आधीपासून होती का, हे पाहायचे असेल तर ताबा घेतानाचे फोटो मोठे करून पाहावेत. मोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात धरून काढलेल्या त्या फोटोंत चालकाचे दार बहुधा येतेच, आणि मोबाइलमध्ये वेळही नोंदलेली असते. त्यात खूण दिसली तर फोटोसह शोरूमला ईमेल करावा. तोंडी तक्रारीचा पुढे उपयोग होत नाही. ओरखड्यासाठी विम्याकडे मात्र जाऊ नये. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीवर दाव्यातले पहिले १,००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात आणि पहिल्या वर्षीचा २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, हातचा जातो.

उरलेल्या तीन गोष्टींपैकी बॉनेटवरचा कण हा रंग ओला असताना बसलेल्या धुळीचा असतो. तो पारदर्शक थराखाली बंद आहे, वाढणार नाही, गंजणार नाही. त्याला हात लावू नये. खडबडीत पोताला या धंद्यात ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याची साल म्हणतात, आणि हे नागपूरकरांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. तो पोत फवाऱ्याच्या रंगाला कमीअधिक असतोच. फटीविषयी मात्र एक तपासणी करावी. डिकी बंद करताना ती कुठे घासत असेल, दोन वेळा आपटावी लागत असेल किंवा धुतल्यावर आत पाणी येत असेल, तर बिजागरी आणि कडीची जुळवणी करून घ्यावी. यात रंगाला धक्का लागत नाही आणि ते काम वॉरंटीतच व्हायला हवे. यांपैकी काहीच होत नसेल आणि फट केवळ डोळ्यांना खुपत असेल, तर ती तशीच राहू द्यावी.

टॉर्चविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. जवळून, तिरप्या प्रकाशात पाहिल्यावर निर्दोष दिसेल असे एकही वाहन रस्त्यावर नाही, शोरूमच्या काचेआड उभे असलेलेही नाही. रात्रीच्या फेऱ्यांऐवजी एकदाच, दिवसाउजेडी, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत आणि सापडलेल्या खुणा तारखेसह वहीत लिहून ठेवाव्यात. एकदा नोंद झाली की पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही. यजमानांचे म्हणणे चुकीचे नाही. फक्त ओरखड्याच्या तळाशी पत्रा दिसत नाही ना, एवढे पाहण्याआधीच त्यांनी ते म्हटले.

प्रश्न : दिवाळीच्या पाडव्याला माझ्या पांढऱ्या गाडीचा ताबा मिळणार आहे. विक्रेता म्हणतो, नोंदणी झाल्यावर त्याच दिवशी गाडी दाखवू. आधी पाहण्याचा आग्रह धरला तर तो गैर ठरेल का? आणि सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे का? (एक वाचक, कामठी)

उत्तर : मुळीच नाही, उलट तो धरायलाच हवा. नोंदणी आणि विमा आपल्या नावावर झाला की ती गाडी आपली होते, आणि मग दोष सापडला तरी "दुसरी द्या" हे म्हणणे फार अवघड होते. नोंदणीपूर्वी मात्र ती विक्रेत्याच्या साठ्यातली एक गाडी असते आणि तिच्याऐवजी त्याच रंगाची दुसरी देणे त्याला शक्य असते. म्हणून पूर्ण रक्कम भरण्याआधी चेसिस नंबर लिहून मागावा आणि यार्डात जाऊन तीच गाडी पाहावी. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममध्ये रांग असते, हार-पेढ्यांची गडबड असते, घरची मंडळी सोबत असतात आणि वरच्या दिव्यांच्या झगमगाटात पांढऱ्या रंगावरचे काहीच दिसत नाही. पाहणी दोन-तीन दिवस आधी, सकाळच्या उन्हात करावी आणि पाडव्याला फक्त किल्ली घ्यावी.

यार्डातली गाडी धुळीने माखलेली असेल तर पाहण्यापूर्वी धुऊन मागावी, कोरड्या फडक्याने पुसू देऊ नये. नव्या गाडीवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक ओरखडे बहुधा कारखान्यातले नसतात, ते अशा पुसण्याचे असतात. पाहताना समोर उभे राहून पाहण्यापेक्षा मागच्या दिव्याजवळ वाकून, डोळा पत्र्याच्या पातळीवर आणून, बाजूच्या पूर्ण लांबीवरून नजर फिरवावी. प्रतिबिंबातली सरळ रेष जिथे वाकते तिथे पोचा असतो. वाहतुकीत सर्वाधिक धोका बंपरचे कोपरे, चाकांच्या रिमच्या कडा आणि दारांच्या कडा यांना असतो. पांढऱ्या गाडीत बंपरची छटा पत्र्याच्या शेजारी किंचित वेगळी वाटू शकते. बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि बहुधा वेगळा रंगवला जातो, तो दोष धरू नये. काही सापडले तर ताब्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्याच कागदावर लिहावे.

आपण सिरॅमिक कोटिंगविषयीही विचारले आहे. त्या दिवशी शोरूममध्ये ते गळ्यात मारले जाईल, तर घाई करू नये. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर चढवायचा संरक्षक द्रवाचा थर, आणि तो फार पातळ असतो. त्याने पाणी आणि चिखल लवकर ओघळतो, पण ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा थांबत नाही. खड्यापासून वाचवते ती जाड पारदर्शक फिल्म, आणि तिचा खर्च वेगळाच असतो. ओरखडे असलेल्या रंगावर कोटिंग केले तर ते ओरखडे खाली तसेच राहतात, म्हणून आधी रंग दुरुस्त करावा लागतो, आणि दुरुस्त म्हणजे पुन्हा घासणे. आपल्याकडे कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख वाऱ्याबरोबर येते, त्यामुळे आपल्या गाडीसाठी भरपूर पाणी आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापड हीच पहिली गुंतवणूक आहे. रोज पहाटे एकाच बादलीत फडके बुडवून अख्ख्या इमारतीच्या गाड्या पुसणाऱ्या मुलाला सांगावे की आमची पुसू नकोस, महिन्याचे पैसे घे. हे मी गमतीने लिहिलेले नाही.

प्रश्न : मित्राच्या यंत्राने माझ्या नव्या गाडीच्या रंगाची जाडी मोजली. सगळीकडे ११० ते १२५ मायक्रॉन आणि डाव्या मागच्या दारावर २६०. अपघातातली गाडी मला नवी म्हणून विकली का? गाडी ११ लाखांची आहे. (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : त्या दारावर रंग दुसऱ्यांदा मारला आहे, एवढेच हा आकडा सांगतो. अपघात झाला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही. रंगात दोष आढळल्यास कारखान्यातही पॅनेल पुन्हा रंगवले जाते, आणि वाहतुकीत किंवा यार्डात ओरखडा आल्यास विक्रेत्याकडेही. पुट्टी भरलेली असती तर आकडा यापेक्षा पुष्कळ वर, अनेकदा हजाराच्या घरात गेला असता. तरीही दाराच्या रबरी बीडिंगखाली आणि काचेच्या काठावर रंगाचे तुषार आहेत का ते पाहावे, आणि बिजागरीचे बोल्ट इतर तीन दारांच्या बोल्टशी ताडून पाहावेत. पान्याच्या खुणा याच दारावर असतील आणि इतरांवर नसतील, तर दार काढले किंवा बदलले गेले आहे.

त्यानंतर विक्रेता आणि कंपनी या दोघांनाही चेसिस नंबर देऊन लेखी विचारावे की या दारावर कोणते काम, कधी आणि कोणी केले. विक्रेता काम मान्य करून त्या दाराच्या रंगावर लेखी हमी देत असेल, तर माझ्या मते ती आणि योग्य भरपाई घेऊन प्रकरण मिटवावे, दार तिसऱ्यांदा रंगवू देऊ नये. तो उडवाउडवी करत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या बाजूने आहे. दुरुस्त केलेला किंवा नूतनीकरण केलेला माल नवा म्हणून विकणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, पुष्कळ प्रकरणे तिथेच सुटतात. न सुटल्यास नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी आपण राहतो तिथेच ती दाखल होते. १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी शुल्क ४०० रुपये आहे. आयोगासमोर मित्राच्या यंत्राचा आकडा पुरेसा ठरेलच असे नाही, म्हणून अधिकृत सर्व्हेअरचा किंवा दुसऱ्या वर्कशॉपचा लेखी अहवाल आताच घेऊन ठेवावा. आणि तोवर गाडीवर कोणालाही पॉलिश करू देऊ नये.

प्रश्न : टेकडी गणपतीसमोर गाडीची पूजा केली. बॉनेटवरच्या हळदी-कुंकवाच्या स्वस्तिकाचा पिवळट-लाल डाग धुऊनही गेलेला नाही आणि हाराखाली बारीक रेघा उमटल्या आहेत. सासूबाईंसमोर हे बोलायची सोय नाही. (एक वाचक, महाल)

उत्तर : सासूबाईंना सांगण्यासारखे यात काही घडलेलेही नाही. हळदीचा पिवळेपणा उन्हात आपोआप फिका होत जातो, त्यासाठी काही आठवडे वाट पाहावी. कुंकवातला रंग कृत्रिम असल्यास लाल छटा जास्त दिवस राहते. ती सावलीत, गाडी थंड असताना, कार शाम्पू आणि ओल्या मऊ कापडाने दोन-तीन वेळा हलकेच पुसावी. भांड्यांची पावडर, लिंबू किंवा रॉकेल लावू नये. रेघा हाराच्या फुलांमुळे पडलेल्या नाहीत, त्या फुले ओवलेल्या तारेच्या आहेत. टेकडीवरून महालापर्यंत हार वाऱ्याने थरथरत आला आणि तार बॉनेटवर घासत राहिली. नख अडकत नसेल तर त्या एका पॉलिशमध्ये जातील. पुढच्या वेळी हार दोऱ्यात ओवलेला मागावा, पूजा झाल्यावर तो काढून मागच्या सीटवर ठेवावा, आणि स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे. काचेवरचे कुंकू साध्या पाण्याने निघते.